छत्राकप्रकरण

मंगरूळपीर,
६ जुलै २०२५

चि. धम्मरत्न यास,

अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की माझ्या संस्कृत शब्दकोशाला बुरशी आली आहे. स्वर अद्याप निरोगी आहेत. 'क' वर्गात मात्र पांढरे ठिपके दिसतात आणि 'ग'पाशी पोचलं की शिंक येते. विद्यार्थिदशेपासून जो ग्रंथ उशाशी घेऊन झोपलो त्याची ही अवस्था. आरोपी तुझी पुतणी दीपा आहे. चिथावणी देणारा तू. दोघांवर कारवाई का करू नये, याचा खुलासा उलट टपाली करावा.

आपलं बोलणं बंद आहे, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच पत्र. फोनवर तू ओरडतोस आणि मी ठेवून देतो. कागदावर तुला ओरडता येत नाही, मला ठेवून देता येत नाही, दोघांचीही सोय. एप्रिलमध्ये माझं ऑपरेशन ठरलं तेव्हा तू म्हणालास, "दादा, हैदराबादला ये. मंगरूळपीरला बसून हा कॅन्सर बरा होत नसतो." मी म्हणालो, "मग इथंच बसून बरा होऊन दाखवतो." त्यावर तू फोन केला नाहीस, मी केला नाही. आपण एकाच बापाची पोरं आहोत याला दुसरा पुरावा नको.

तर अहवाल. अकोल्याला ऑपरेशन झालं. मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा रोगट भाग काढला, उरलेलं जोडलं, आणि तो जोड भरून येईस्तोवर लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून त्याला पिशवी लावली. मी तिला कमंडलू म्हणतो. ऋषींच्या हातात असायचा, माझ्या पोटावर आहे, तपश्चर्या सारखीच. केमो चालू आहे. सगळं नीट झालं तर हिवाळ्यात कमंडलू उतरेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

दीपा अमरावतीहून एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष सोडून आली. "सोडलं नाही बाबा, थांबवलं," असं ती म्हणते. तिची आई गेल्यापासून या घरात आजारपण आलं की ती दारात उभी राहते, जणू आतून काही पळून जाणार आहे. इथं आल्यावर तिनं इंटरनेटवरचं तुझं ते व्याख्यान पाहिलं. एकदा नव्हे, इतक्यांदा की आपल्या आईलाही आता तुझं 'नमस्कार मित्रहो' पाठ आहे. त्यात तू सांगतोस की मोठ्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात, त्यांतले काही या रोगाला खतपाणी घालतात तर काही त्याला आवर घालतात. चांगल्यांना तंतुमय अन्न लागतं, ते आंबवून ती मंडळी आतड्याच्या अस्तराला पोसतात, आणि अळिंबीतले, म्हणजे मशरूममधले, तंतू त्यांना मानवतात. जपानात एका अळिंबीचा अर्क केमोच्या जोडीला देतात, हेही सांगतोस. शेवटी 'यातलं पुष्कळसं अजून उंदरांवर आणि काचेच्या बशीत दिसलेलं आहे' हे वाक्य तू पाण्याचा पेला तोंडाला लावता लावता म्हटलंस. ते तिला ऐकू गेलं नाही.

परिणामी माझ्या पुस्तकांच्या खोलीत धिंगरी अळिंबीची शेती आहे. सोयाबीनचं कुटार-भुसकट भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत थरावर थर देऊन मधे बेणं पेरायचं आणि अंधारात टांगायचं. वर दिवसभर फवारे. तक्रार घेऊन आईकडे गेलो तर म्हणाली, "कायले बोंबलून राह्यला? पुस्तकं का पयाले लागले? पोरीच्या हाताले काम हाय तं राहू दे." मी म्हटलं, आई, ह्या कुत्र्याच्या छत्र्या आहेत. ती म्हणाली, "कुत्रं तं खात नाई. तू खाय."

मी खातो. स्मृतिकारांनी छत्राक खाणाऱ्या द्विजाला पतित ठरवून ठेवलं आहे. आपल्या घराण्याला त्यांनी द्विजत्वाचा त्रासच दिला नाही, त्यामुळे मी निर्धास्त आहे. रोज वाटीभर खातो आणि प्रत्येक घासाला त्यांची आठवण काढतो.

आशीर्वाद देण्याइतका तुझ्यावर प्रसन्न नाही.

देवमन


मंगरूळपीर,
३ ऑगस्ट २०२५

चि. धम्मरत्न यास,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'शब्दकोश उन्हात ठेव. अळिंबी शिजवून खा, कच्ची नको. तब्येत कळव.' इतका मजकूर हैदराबादहून इथवर येताना दमला असेल. उन्हाबद्दल म्हणशील तर श्रावण आहे; ते सध्या तुमच्याकडेच असावं.

तब्येत उत्तम. केमोनंतर बोटांना मुंग्या येतात, थंड पेला धरवत नाही, खडू दोनदा पडतो. तरी कॉलेजला जातो. प्राचार्यांनी लांब रजा सुचवली. मी म्हटलं, रजेवर गेलो तर घरी फवारे आहेत.

परवा वर्गात सप्तमी विभक्ती चालू असताना कमंडलूनं तोंड उघडलं. मोठ्यानं. बाकावरची राधिका नावाची मुलगी फस्सकन हसली आणि लगेच रडवेली झाली. सगळा वर्ग खाली बघायला लागला. मी शर्ट वर करून पिशवी दाखवली नाही, तेवढी शालीनता राखली; पण काय झालं, कुठलं आतडं कापलं, पिशवी का आहे, सगळं फळ्यावर चित्र काढून सांगितलं. म्हटलं, हा ध्वनी कोणत्याही व्याकरणात नाही, पण उच्चार स्पष्ट आहे, तेव्हा हसायला हरकत नाही. तास संपल्यावर ती मुलगी दारात घुटमळली. म्हणाली, "सर, माह्या मामाले बी संडासातून रक्त जाते. तो सांगत नाई कोनाले." मी मामाचा नंबर घेतला आणि त्याच दिवशी अकोल्याला तपासणीची वेळ घेऊन दिली. बघ, तुझ्या व्याख्यानाला हजारो प्रेक्षक असतील. माझ्या पोटाच्या व्याख्यानाला एक मामा मिळाला. मी समाधानी आहे.

भेटायला येणाऱ्यांचा ओघ आहे. ते पलंगाच्या कडेला बसतात, आवाज खाली घेतात आणि 'देवमन फार चांगला माणूस होता' अशा काळात बोलतात. मी त्यांना चहा पाजतो आणि विचारतो, पुढच्या वर्षी दीक्षाभूमीला जायला गाडी करायची आहे, तुमची जागा धरू का? निम्मे जण गडबडतात. माझी जागा धरली आहे, एवढं मात्र त्यांना कळतं.

गावाबाहेर वांग्यांचा मळा करणारा चंपत तुला आठवत असेल. तो एक बाटली घेऊन आला. कसल्याशा लाल अळिंबीच्या कॅप्सुली. वाशीमला हॉटेलात मिटिंग झाली, कोटवाल्या साहेबानं विकल्या.

"सर, आयका माहं," चंपत म्हणाला. "हे घेतल्यावर गाठ अशी विरघयते जशी चहात साखर. ते केमो सोडा तुमी. जहर हाय ते."

"चंपत, वांग्यावर अळी पडली की तू काय मारतोस?"

"औषद."

"ते अमृत असतं का?"

"नाई जी, जहरच राह्यते ते."

"मग सोडतोस का मारायचं?"

त्यानं डोकं खाजवलं. "मंग दोनी घ्या सर. नाई मनू नका, मी लय इश्वासानं आनली."

माणूस सोन्यासारखा आहे. बाटली मी ठेवून घेतली आणि पुढच्या फेरीला डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी लेबल वाचलं, म्हणाल्या, यात नक्की काय आहे हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं, केमोच्या औषधात आणि यात भांडण लागलं तर लिव्हर तुमचं जाईल. कॅप्सूल नको. मी म्हटलं, नको. घरच्या अळिंबीचा विषय तिथं निघाला नाही. भाजीबद्दल डॉक्टरांना कोण विचारतं?

दीपा आनंदात आहे. पिशव्यांना पांढरी जाळी धरली की मला ओढून दाखवायला नेते. तिची आई गेल्यानंतर तिला इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

देवमन


मंगरूळपीर,
२१ ऑगस्ट २०२५

चि. धम्मरत्न यास,

घाईत लिहितो. दोन दिवस अकोल्याला मुक्काम होता. किरकोळ अपचन. आता ठीक.

अकोल्याच्या रस्त्याची अवस्था अशी आहे की निरोगी माणसाचीही आतडी जागा बदलतील. त्यावर स्वतंत्र निबंध लिहिता येईल.

एक शास्त्रीय शंका आहे, केवळ कुतूहल म्हणून. ज्याच्या पोटावर लहान आतड्याची पिशवी आहे, त्याचं अन्न मोठ्या आतड्यात जातं काय?

दीपाला फोन करू नकोस. तिला अभ्यास आहे.

देवमन


मंगरूळपीर,
७ सप्टेंबर २०२५

धम्मा,

तुझं पत्र आलं. चार पानं! कागदावर ओरडता येत नाही, हे मी लिहिलं होतं. ते मागे घेतो.

'अन्न जात नाही, दादा, आणि तू हे का विचारतो आहेस ते मला कळलं आहे,' असं तू लिहिलंस. कळलंच आहे, तर सगळं सांगतो.

त्या दिवशी दीपानं धिंगरीचा तर्रीदार रस्सा केला होता. पहिला मोठा तोडा होता, टोपलीभर. मी वाटी संपवली. ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती, निकालाच्या यादीत नंबर शोधतात तशी माझ्या तोंडाकडे बघत. मी वाटी पुढे केली आणि आणखी घेतलं. पोट तेव्हाच नको म्हणत होतं. मी पोटाचं ऐकलं नाही, चेहऱ्याचं ऐकलं.

दुपार कलली तरी पिशवी रिकामी. संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखं ताठ, कळा, ओकाऱ्या. आई कधी नव्हे ती घाबरली: "बापा, याचे डोये पाहा कसे झाले!" चंपतनं वांग्याची गाडी रिकामी केली आणि आम्हाला अकोल्याला नेलं. मागे मी, दीपा आणि चार उपड्या टोपल्या. ती वाटभर माझं डोकं धरून होती.

नाकातून नळी घातली, सलाईन लावलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं? दीपानं सांगितलं. काहीशा अभिमानानं सांगितलं: "धिंगरी. रोज देते, मॅडम. घरची आहे."

"रोज? पिशवी असताना?" बाई म्हणाल्या. "अग, त्याचे तंतू पचत नाहीत नीट, तोंडाशी बोळा होऊन अडकतात. नर्सनं सांगितलं नव्हतं?"

नर्सनं सांगितलं होतं. मक्याचं कणीस नको, शेंगदाणे नको, खोबरं नको. अळिंबीचं नाव तिनं घेतलं नाही, कारण आपल्या भागात ती खातं कोण? जिथं कुणी खात नाही तिथं मनाई कशाला करतील?

दीपा म्हणाली, "पण मॅडम, चांगल्या जिवाणूंसाठी..."

"ते जिवाणू राहतात खाली, मोठ्या आतड्यात," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, हे सांगितलं पाहिजे. "यांचं अन्न वरच बाहेर पडतं. खालचा रस्ता सध्या बंद आहे, बेटा."

धम्मा, मला व्याकरण येतं. तिला सूक्ष्मजीवशास्त्र येतं, वर्गात पहिली येते. पिशवी रोज माझ्या पोटावर होती आणि ती रोज बदलत होती. तरीही आम्ही दोघं दीड महिना बंद घराच्या दारात पार्सल ठेवत होतो. मला हसू आलं. नाकात नळी असताना हसणं फार वाईट. तिला आलं नाही. तिचा चेहरा मी पाहिला आणि डोळे मिटून झोपलो असं दाखवलं.

अडथळा दुसऱ्या दिवशी सुटला. कापाकापी लागली नाही. फक्त केमोची फेरी पुढे ढकलावी लागली. बाई म्हणाल्या, एवढ्यानं काही बिघडत नाही. शिवाय केमो चालू असताना घरात बुरशीची शेती नको, हेही बजावलं. पिशवी निघाल्यावर, आतडं रुळल्यावर, थोडी थोडी खुशाल खा, म्हणाल्या.

घरी आल्यावर दीपानं सगळ्या पिशव्या उतरवल्या आणि चंपतच्या उकिरड्यावर नेऊन टाकल्या. खोली धुतली. तेव्हापासून माझं जेवण पाण्यात शिजवलेलं, गाळलेलं, निरुपद्रवी असतं. बोलते तीही तसंच. आई म्हणाली, "पोट्टीच्या पोटात अन्न नाई. तुह्यापरीस आता तिले पाहा."

म्हणून मी बंड केलं. चंपतला सांगून उकिरड्यावरच्या धडक्या पिशव्या त्याच्या मळ्यातल्या शेडमध्ये टांगल्या. दीपाला तिथं घेऊन गेलो, तोंडाला फडकं बांधून, लांब उभा राहून. म्हटलं, "माझा कमंडलू उतरेल तेव्हा मला पहिल्या दिवसापासून हे लागणार आहे. पीक बंद पडता कामा नये. तोवर गावाला विक."

"मस्करी नका करू बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला परत टेबलावर घेतलं असतं त्यांनी."

"घेतलं नाही."

"पण माह्याच हातानं झालं न ते?" ती बोलली. रागात ती वऱ्हाडीत बोलते, आईसारखी.

चंपत मधे पडला. "ताई, वांगं खाऊन बी मानसाले हगवन लागते. मी का मया बंद केला? पानी मारा, सुकून राह्यले ते."

तिनं पंप उचलला. पाणी मारलं.

आणि तुझं ते, 'आता तरी हट्ट सोड आणि इकडे ये.' नाही येत. हे अडकलं ते मंगरूळपीरमुळे नाही, व्याख्यानामुळे. पुढच्या वेळी पाण्याचा पेला बाजूला ठेव आणि उंदरांचं वाक्य मोठ्यानं म्हण.

तुझा,
दादा


मंगरूळपीर,
३० नोव्हेंबर २०२५

धम्मा,

केमो संपलं. शेवटच्या फेरीला मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. नर्सनं विचारलं, "सर, लग्नाला का?" म्हटलं, घटस्फोटाला.

नखं काळी आहेत, पावलं बधिर आहेत, वजन दीपाएवढं झालं आहे. शाळेत ज्या मास्तरांनी मला संस्कृतच्या बाकावरून उठवलं होतं, 'तुम्हाला काय करायचं आहे देवभाषा,' तेही माझं काही बिघडवू शकले नव्हते. पेशींच्या गोळ्याची काय कथा? मी जानेवारीत पहिल्या धड्यापासून शिकवणार आहे, वर्गाला तसं सांगूनही टाकलं आहे. राधिकेच्या मामाची गाठ लहान असतानाच सापडली, काढली. तो परवा स्वतः पेढे घेऊन आला. चंपतच्या शेडमधली धिंगरी मंगरूळपीरच्या बाजारात जाते. बाया पहिल्यांदा नाक मुरडायच्या, आता विचारून नेतात. दीपा प्रत्येकीला सांगते, "कुणाच्या पोटावर पिशवी असेल तर देऊ नका." भाजी विकताना इतकी चौकशी करणारी विक्रेती जिल्ह्यात दुसरी नसेल.

गुरुवारी, ११ डिसेंबरला, स्कॅन आहे. त्यावर पिशवी कधी निघायची ते ठरेल. आणि बाकीचंही.

आता गंभीरपणानं थोडं लिहितो, सवय नाही, सांभाळून घे.

दीपा वरून ठीक दिसते. पण तिनं डॉक्टरीणबाईंना एकच प्रश्न आतापर्यंत अनेकदा विचारला आहे: अडथळ्यामुळे ती फेरी पुढे गेली, त्यानं फरक पडला असेल का? बाई दर वेळी म्हणतात, नाही. ती मान हलवते आणि पुढच्या खेपेला परत विचारते. परवा आईलाही विचारलं. आई म्हणाली, "मले काय समजते बाई त्यातलं?" तर आईसमोर बसून रडली. मला कळू नये म्हणून मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. मीही कळलं नाही असं दाखवलं.

तथागतांनी शेवटचं जेवण चुंद लोहाराकडे घेतलं, मग पोट बिघडलं. त्या पानात डुकराचं मांस होतं की छत्राक, यावर पंडितांचं भांडण अजून मिटलेलं नाही. मी अर्थातच छत्राक-पक्षाचा. पण मला त्यातली पुढची गोष्ट हल्ली सारखी आठवते. वेदना चालू असताना त्यांनी आपल्या शिष्याला, आनंदाला, बजावलं की चुंदाला कुणी दोष देऊ नये, त्यालाही तसं वाटू देऊ नये, त्याच्याकडे जाऊन हे सांगावं. जाण्याच्या वाटेवर असताना त्यांना ज्यानं वाढलं त्याची काळजी होती. आणि ते सांगायला त्यांच्याजवळ आनंद होता.

मी सांगून पाहिलं. बापानं सांगितलेलं ती धरत नाही. बाप धीरच देणार, असं तिला वाटतं. डॉक्टरीणबाई परक्या. या विषयात तिचा विश्वास एकाच माणसाच्या शब्दावर आहे आणि तो हैदराबादला बसून माझ्याशी भांडतो. काचीगुड्याहून वाशीमला थेट गाडी आहे. मी तुला माझ्यासाठी बोलावत नाही. हैदराबादला येणार नाही हे माझं म्हणणं कायम आहे.

स्कॅन चांगला आला तर तू आल्याचं निमित्त आपण काहीही सांगू. वाईट आला तर मी लढेन, पुन्हा केमो म्हणाले तर पुन्हा घेईन, त्याबद्दल माझ्या मनात गोंधळ नाही. पण दीपा ते स्वतःच्या हातानं झालं असं धरून बसेल, मी असेपर्यंत आणि मी नसतानाही. मला भीती आहे ती त्याची. आदल्या बुधवारपर्यंत, दहा तारखेपर्यंत, ये.

दादा